काळी खिडकी, काळी-पिवळी

सेकंडहँड कम्प्युटर घेताना तो तपासायची आपल्याकडे एक सर्वमान्य पद्धत आहे. माऊस हातात घ्यायचा, पडद्यावरची मोकळी जागा बघून उजवं बटण दाबायचं आणि 'रिफ्रेश' करायचं. एकदा करून समाधान होत नाही, चार-सहा वेळा करायचं. चित्रं क्षणभर लवलवून जागच्या जागी परत आली की मान डोलवायची. मग 'माय कम्प्युटर' उघडायचं आणि आत काहीही न बघता बंद करायचं. तोवर दुकानदार कॅबिनेटवर थाप मारून म्हणतो, "मख्खन चालते भाऊ, तुम्ही टेन्शनच नका घेऊ." सौदा पक्का. रिफ्रेशने फक्त पडद्यावरची चित्रं नव्याने काढली जातात, आतल्या प्रोसेसरला त्याची धड खबरही लागत नाही, हे कोणी सांगितलं तरी पद्धत बदलणार नाही. काहीतरी दाबून बघितलं, एवढंच समाधान गिऱ्हाइकाला हवं असतं.

मी याच शास्त्रोक्त पद्धतीने तपासून एक कम्प्युटर पुसदला घरी आणला, तेव्हा भाचा सुट्टीवर होता. तो इथल्याच बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि सुट्टीत आमच्याकडे येऊन आमच्या अज्ञानावर जगतो. मी रिफ्रेशची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मामा, हे चेकिंग नाही झालं. हे फक्त रामराम झालं."

मग त्याने त्यावर लिनक्स टाकलं आणि काळी खिडकी उघडली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पडायला लागली की आपल्या घरांतले आवाज आपोआप खाली येतात. बायकोने टीव्ही मूक केला.

पहिला हुकूम इंग्रजी तीन अक्षरांचा होता: येस. हा प्रोग्राम एवढंच करतो की एका ओळीवर 'वाय' लिहितो, मग पुढच्या ओळीवर, मग त्याच्या पुढच्या, कोणी थांबवेपर्यंत. मूळ उद्योग तसा सज्जन आहे. दुसरा एखादा प्रोग्राम "ही फाइल उडवू का? आणि ही? आणि ही?" असं विचारत बसला की त्याच्यापुढे याला बसवायचं, हा सगळ्याला हो म्हणत जातो. पण समोर विचारणारा कोणीच ठेवला नाही आणि त्याचं सगळं बोलणं 'डेव्ह-नल'मध्ये सोडलं, म्हणजे जिथे टाकलेलं काहीही कायमचं गडप होतं अशा जागी, तरी त्याचं काही बिघडत नाही. तो त्याच उत्साहाने हो म्हणत राहतो आणि प्रोसेसरचा एक अख्खा कोअर शंभर टक्के अडवून बसतो. एक होयबा, एक कोअर. आमच्या डब्याला चार कोअर निघाले. भाच्याने चार होयबा बसवले आणि मिनिटाच्या आत आतला पंखा बोंबलायला लागला. ज्या तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, तिथल्या माणसाला होयबांचं हे सामर्थ्य समजावून सांगावं लागत नाही.

लिनक्समध्ये कोणत्या कामाने किती सभ्य वागायचं याचाही आकडा असतो, उणे २० पासून १९ पर्यंत. १९ म्हणजे सगळ्यांचं झालं की मग माझं. उणे २० म्हणजे माझं आधी, बाकीच्यांचं बघू. आपला सभ्यपणा वाढवायची मुभा कोणालाही आहे. कमी करून उणेत जायचं तर 'रूट'ची, म्हणजे घरच्या मालकाची, परवानगी लागते. आमच्या घरात रूट कोण, ते पुढे कूलरच्या वेळी कळेलच.

होयबांनी फक्त प्रोसेसर तापतो. सर्वांगाला ताण द्यायचा तर 'स्ट्रेस' नावाचा प्रोग्राम आहे, आणि त्याहून कितीतरी खटपट्या असा 'स्ट्रेस-एनजी'. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीत असताना कॉलिन इयन किंग यांनी तो लिहिला. मशीन इतकी राबवायची की तिची गरमी हाताबाहेर जाते का, आणि एरवी दडून बसलेले दोष बाहेर येतात का, ते कळावं. छळाचे तीनशेहून जास्त प्रकार त्यात आहेत. एकट्या प्रोसेसरला लावायची कामंच बघा. बुद्धिबळाच्या पटावर वजीर असे मांड की एकमेकांना मारणार नाहीत. हनोईच्या मनोऱ्याच्या चकत्या इकडून तिकडे ने. पायची किंमत काढ. मूळ संख्या शोध. उत्तर कोणालाच नको असतं. शेवटी किती काम झालं याचा हिशेब 'बोगो ऑप्स' या एककात देतात, म्हणजे बोगस ऑपरेशन्स, आणि या आकड्यावरून मशिनींची तुलना करत बसू नका असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. ही खोड मूळपुरुषाचीच दिसते. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स यानेही प्रोसेसरच्या वेगाच्या एका मापाला 'बोगोमिप्स' नाव देऊन ठेवलं आहे. बोगस कामावर आपल्या हाताने 'बोगस' असा शेरा मारून खाली सही करणारा हजेरीपट मी तरी आजवर पाहिलेला नव्हता.

पण मला सगळ्यात आवडली ती टाइमआउटची सोय. ताण किती वेळ द्यायचा ते आधी सांगून ठेवायचं. आकड्यापुढे एस लावला तर सेकंद, एम लावला तर मिनिटं, एच तास, डी दिवस आणि वाय म्हणजे वर्षं. वर्षं! "दोन वर्षं ताण देत राहा" असा हुकूम कोण सोडणार, म्हणून भाचा हसत होता. मी हसलो नाही. पुसदच्या माणसाला दोन वर्षांचा टाइमआउट नवा नाही. गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर करून बसले होते की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. स्वतःवर एवढी कडक टेस्ट लावून घेतलेला दुसरा राजकारणी मला ठाऊक नाही, आणि तीही मधेच कंट्रोल-सी दाबून थांबवायची वाट न ठेवता. संकरित ज्वारी आली, फाशी टळली आणि नाईक १९७५ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. त्याला टाइमआउट कोणी दिला नव्हता. हे सगळं मी भाच्याला सविस्तर सांगितलं. त्याने आमच्या मशीनला दहा मिनिटं दिली.

आता तापमान. आत किती डिग्री आहे ते बघायला 'सेन्सर्स' नावाचा हुकूम आहे, पण तो अजून बसवायचा होता. म्हणून भाच्याने मशीनच्या पोटातली एक फाइल थेट उघडून दाखवली. या फाइलमध्ये तापमान अंशांत नसतं, अंशाच्या हजाराव्या भागांत असतं. पडद्यावर आकडा आला: ६१०००.

"एकसष्ट हजार?" बायको मागून म्हणाली. "कायचे?"

"मामी, ते टेम्परेचर आहे."

"मंग ठीक आहे. मले वाटलं बिल आलं. एवढ्याचा तर हा डब्बा पन नाही."

मे महिना होता, हे सांगायचं राहिलंच. पुसदच्या चारी बाजूंनी डोंगर, पूस नदीच्या पात्रात दगडांखेरीज बघण्यासारखं काही उरलेलं नाही आणि पारा ४४ च्या पुढे. मशीन रिकामी बसली तरी एकसष्ट. त्यावर होयबा, वजीर आणि हनोईच्या चकत्या सोडल्या की आकडा बघता बघता नव्वदच्या पार गेला. अशा प्रोसेसरची सहनशक्ती साधारण शंभर अंशांपर्यंत असते. तिथे पोचायच्या आत तो आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तापमान जास्त झालं म्हणून वेग कमी केला, अशी नोंद कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या रोजनिशीत करून ठेवतो. दुपारी बारा ते चार अर्धं शटर ओढून आत आडवे होणारे इथले दुकानदार हेच करतात, फक्त नोंद ठेवत नाहीत.

मला राहून राहून वाटतं की हे सगळं थंड देशातल्या माणसाने बनवल्याचा परिणाम आहे. टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली खबर जगाला दिली ती ऑगस्ट १९९१ मध्ये, हेलसिंकीहून. हा फक्त छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंही तेव्हा सांगून टाकलं. वय एकवीस. तिकडे पंचवीस अंश झाले की लोक उन्हाळा आला म्हणून अंगावरचे कपडे काढून बसतात. त्याच वर्षी जूनमध्ये आमचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले होते, तेव्हा छंदांच्या बातम्यांकडे बघायला पुसदला सवड नव्हती. आणि त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्यामागचे विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आमच्या वऱ्हाडातले. यंत्रं थंड खोलीत ठेवायचं महत्त्व वऱ्हाडातल्या माणसाला कोणी वेगळं शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

तर थंड खोली. भाच्याने कॅबिनेटचं झाकण काढलं, डब्बा उचलून कूलरपुढे ठेवला आणि आकडा चौऱ्याऐंशीवर उतरला म्हणून आनंदाने ओरडला. बायको स्वयंपाकघरातून पोळपाट हातात घेऊनच बाहेर आली.

"काऊन रे, मानसं इथं उकडून राहिली अन् तू त्या डब्ब्याले हवा देऊन राह्यला?"

उणे वीस. डब्बा परत टेबलावर.

आता मेमरीची गोष्ट, आणि इथे मात्र मला पुसदच्या बस स्टँडबाहेर जावं लागेल, कारण लिनक्सचं मेमरीचं धोरण मला दुसऱ्या कशानेच समजलं नसतं. शेंबाळपिंपरीकडे किंवा उमरखेडकडे जाणारी काळी-पिवळी उभी असते. येईल त्याला ड्रायव्हर म्हणतो, "बसा, जागा आहे." आत किती जागा आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, तरी तो म्हणतो. त्याचा हिशेब असा की सगळेच एकदम बसायला येत नाहीत. कोणी पान खायला जातं, कोणी पिशवी ठेवून गायब होतं. लिनक्सचं अगदी हेच. प्रोग्रामने मेमरी मागितली की कर्नल "घे" म्हणतो, आपल्याजवळ आहे त्याहून जास्त वाटून बसतो, आणि सगळे एकदम वापरायला काढणार नाहीत यावर भरवसा ठेवतो. या धोरणाला ओव्हरकमिट म्हणतात. आहे तेवढंच देईन, असं ठणकावून सांगणारी सेटिंगही आहे, पण तसा ड्रायव्हर मी या रूटवर पाहिलेला नाही.

स्ट्रेस-एनजीचा मेमरीवाला प्रकार काय करतो, तर ज्यांनी ज्यांनी जागा धरली त्या सगळ्यांना एकदम खरंच बसायला लावतो. आता गाडी हलणार कशी? मग कर्नल एका मारेकऱ्याला उठवतो. त्याचं नावच ओओएम किलर. आत बघायचं, सगळ्यात जास्त जागा कोणी अडवली आहे ते हेरायचं, आणि त्याला खाली उतरवायचं. न्यायाने बघायला गेलं तर बरोबर आहे. पण सगळ्यात जास्त जागा बहुतेक वेळा त्यानेच अडवलेली असते जो खरंखुरं सामान घेऊन कामाला निघालेला असतो. शिवाय वशिले आहेतच. प्रत्येक प्रक्रियेच्या नावापुढे उणे १००० ते १००० असा एक आकडा लिहिता येतो. उणे १००० वाला ड्रायव्हरचा साळा, त्याला कधीही उतरवत नाहीत. बाहेरून मशीनमध्ये शिरायचं दार उघडं ठेवणारा एसएसएच सेवक स्वतःला असाच आकडा लावून घेतो, आणि ते योग्यच आहे, कारण सगळे मेल्यावर आत जाऊन बघायला कोणीतरी वाट ठेवली पाहिजे. उलट क्रोम ब्राउझर आपल्या टॅबच्या पाठीवर आधीच जास्तीचा आकडा डकवून ठेवतो, की उतरवायची वेळ आली तर आधी यांना उतरवा.

आणि कळस असा की स्ट्रेस-एनजीचा गडी मारला गेला तर तो गप्प बसत नाही. वेगळं सांगितलं नसेल तर स्ट्रेस-एनजी त्याच्या जागी लगेच नवा गडी उभा करतो. पुढच्या दाराने उतरवलेला प्रवासी गाडीला वळसा घालून मागच्या दाराने परत आत. ड्रायव्हर पुन्हा बघतो, गाडी तशीच गच्च. पुन्हा कोणाला तरी उतरवतो.

आमच्याकडे या धामधुमीत एका टॅबमध्ये बायकोच्या भाचीची लग्नपत्रिका अर्धी टाइप झालेली होती. आप्तेष्टांची नावं मानाच्या क्रमाने लावायला तिला अख्खी सकाळ लागली होती. टॅब गेला. काळ्या खिडकीत एका ओळीत नोंद आली की मेमरी संपल्यामुळे अमुक क्रमांकाची प्रक्रिया मारली. परीक्षा घेणारा स्ट्रेस-एनजी मात्र खुशाल होता. ताण द्यायचा एकाला आणि तुटायचं भलत्यानेच, हा या सगळ्या विद्येचा गाभा आहे असं मला त्या क्षणी वाटलं. बायकोला काय वाटलं ते छापण्यासारखं नाही.

भाचा पुस्तकी आधार देण्यात पटाईत. तो म्हणाला, "मामा, मोठमोठ्या मशिनींना पण अशीच टेस्ट लावतात." खोटं नाही. जगातल्या ५०० बलाढ्य महासंगणकांची यादी निघते, ती 'लिनपॅक' नावाच्या कसोटीवर: समीकरणांचा प्रचंड ढीग सोडवायला द्यायचा आणि वेग मोजायचा. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याचा 'परम सिद्धी-एआय' २०२० साली त्यात ६३ वा आला होता. आठवीच्या पुस्तकातली दोन समीकरणं सोडवताना मी घामाघूम व्हायचो, म्हणजे ही कसोटी मुळातून चुकीची नसावी.

तरी खरी खोट कसोटीत सापडतेच असं नाही. १९९४ साली इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराची चूक सापडली. ती शोधली व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी, आणि ते काही चिप तपासायला बसले नव्हते. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि उत्तर जमेना. २०१६ साली इंटेलच्याच स्कायलेक प्रोसेसरांचं बिंग फुटलं ते प्राइम-९५ चालवताना. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारा हा प्रोग्राम, आणि विशिष्ट हिशेबाला मशीन जागीच गोठायची. मूळ संख्यांच्या नादी लागलेल्या माणसांना जग वेडं म्हणतं, पण चिप कंपन्या त्यांना वचकून असतात.

भाच्याला यातून वेगळाच बोध झाला: दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. मशीन रात्रभर राबवायला हवी. टाइमआउट ८, पुढे एच. प्रोसेसर, मेमरी, हार्डडिस्क, सगळं एकदम. बायको माहेरी पत्रिकेच्याच कामाला गेली होती, म्हणजे रूट घरात नव्हता. डब्बा पुन्हा कूलरपुढे आला. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली. दहा-साडेदहाला लाइन गेली, इन्व्हर्टरने किंचाळून भार घेतला, अर्ध्या तासाने लाइन परत आली. शेजारचे दोघेजण बातमी ऐकून बघायला आले. पडद्यावर चार हिरव्या-लाल पट्ट्या काठोकाठ भरलेल्या, वर लोड ॲव्हरेजचे तीन आकडे: गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा, पंधरा मिनिटांचा. लिनक्सची खुबी अशी की या आकड्यात काम करणारे तर धरतातच, पण डिस्ककडून उत्तर येण्याची वाट बघत बसलेलेही धरतात. शेजारच्यांपैकी एकजण कचेरीतून निवृत्त झालेले. वाट बघणं हेही काम म्हणून मोजतात, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. बाराला चहा झाला. कोणाच्या मते आकडा वाढत होता, कोणाच्या मते स्थिर होता. तापमान एकोणऐंशी. क्रिकेटची मॅच बघावी तसे सगळे त्या पट्ट्या बघत बसले आणि कधीतरी जागच्या जागी झोपले.

सकाळी सहाला काळ्या खिडकीत निकाल होता: सगळे प्रकार पूर्ण, चूक एकही नाही. मशीन पास. भाचा नाचायचा तेवढा बाकी होता. खोलीत मात्र भट्टीसारखी गरम हवा होती आणि काहीतरी जळल्याचा वास. कूलरचा पंखा फिरत होता, ताट्या खडखडीत वाळलेल्या, टाकीत तळाला गाळ. सगळ्यांचे डोळे पट्ट्यांवर. रात्री बादलीभर पाणी टाकायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. पंप कोरडा चालून जळाला होता.

बायको यायच्या आत नवा पंप बसवणं भाग होतं. आम्ही दोघं मिस्त्रीकडे गेलो. मे महिन्यात त्याच्या दारात जळक्या पंपांचा ढीगच असतो. त्याने आमचा पंप हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "कोरडा चालला. पानी कोनाकडं होतं?"

"रात्रभर कम्प्युटरची टेस्ट चालू होती," भाचा म्हणाला.

"मंग कम्प्युटर पास झाला?"

"झाला ना. एक पण एरर नाही."

"हा नापास झाला," मिस्त्री म्हणाला आणि पंप ढिगावर फेकला. "नवा घ्या. तीनशे रुपये."

भाच्याने नवा पंप उलटासुलटा करून बघितला. लोडवर किती तास चालतो, पाण्यात बुडवून निदान तासभर चालवून बघता येईल का, असं त्याने विचारलं.

"काऊन नाही. लाइन आली का चालवून दाखवतो," मिस्त्रीने स्टूल पुढे सरकवलं. "तवरोक बसा."